कोपरे रंगवणारी हेसून

बान हेसूनच्या पायाला नव्हे, हाताला भिंगरी होती. जेवताना हातातल्या जेवायच्या काड्या टेबलावर रेघा ओढत राहायच्या. बसची वाट बघताना बोट मांडीवर फिरायचं. सासू देवाघरी गेली तेव्हा तीन दिवस लोक भेटायला येत होते, आणि हेसून काळे कपडे घालून, मान खाली घालून बसली होती. पण तिचा अंगठा चटईवर सासूच्या नाकाची रेघ पुन्हा पुन्हा ओढत होता. नणंदेनं ते पाहिलं आणि तिच्या हातावर चापट मारली.

दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावर ओक्पोच्या गोदीत तिचा नवरा थेशिक वेल्डर होता. हेसून आधी सुक्या मासळीच्या शेडमध्ये मासळी निवडायची. मुलगी सोदाम शाळेत रमली, तेव्हा, छत्तिसाव्या वर्षी, तीही गोदीत कामाला लागली. काम रंगाचं होतं. जहाज काही एकसंध घडत नाही. आधी घराएवढाले पोलादी तुकडे घडतात, आणि ते तुकडे जोडण्याआधी आतून बाहेरून रंगवावे लागतात. पुरुष फवाऱ्यानं रंग मारतात. पण फवारा कोपऱ्यात पोचत नाही, वेल्डिंगच्या शिवणीवर धरत नाही, भोकांच्या कडांवरून ओघळतो. तिथं आधी ब्रशनं, हातानं रंग भरावा लागतो. ते काम बायकांचं. हातभर रुंदीच्या भोकातून सरपटत आत जायचं, डोक्याला दिवा, तोंडाला मुखवटा, एका हातात डबा, आणि दिवसभर कोपरे रंगवायचे. रंग दोनच. विटकरी आणि करडा.

हेसूनच्या टोळीत अकरा बायका होत्या. त्यात सगळ्यांत थोरली मालजा. मालजा म्हणजे शेवटची मुलगी. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं वैतागून ते नाव ठेवलं होतं, की आता पुरे. त्यानंतर आणखी दोघी झाल्या. "माझं नाव देवानं वाचलंच नाही," असं मालजा ताई म्हणायची आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

दुपारी जेवण झालं, की बायका जमिनीवर पुठ्ठे अंथरून वीस मिनिटं आडव्या व्हायच्या. हेसूनला झोप येत नसे. एक दिवस तिनं पुठ्ठ्याचा एक तुकडा मांडीवर घेतला, डब्याच्या तळाशी उरलेल्या विटकरी रंगात ब्रश बुडवला आणि समोर घोरणारी मालजा ताई काढली. भोंगा झाला, तशी ताई उठली आणि तिनं पुठ्ठा हिसकावून घेतला.

"ही कोण गं?"

"तुम्ही, ताई."

"मी? हे डुक्कर मी? तोंड बघ कसं उघडं टाकलंय. माशी जाईल आत."

"गेली होती."

बायका पोट धरून हसल्या. मालजा ताई तणतणत म्हणाली, की हे मी फाडून टाकणार. दुसऱ्या दिवशी ती हेसूनच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मुलाला दाखवलं. मेला म्हणतो, 'आई, अगदी तू!' आता मला जागी काढ. दात लावून."

मग रोजच दुपारी कुणीतरी हेसूनसमोर बसू लागलं. पुठ्ठे संपले, तर सिमेंटच्या पिशव्यांचा कागद यायचा. तिला रेखाटन कुणी शिकवलं नव्हतं. पण अंधारात, आडवं पडून, डोक्यावरच्या कोपऱ्यात एका दमात रेघ ओढायची सवय झाली, की हात खोटं बोलत नाही. तिची रेघ एकदाच उमटायची आणि जिथं हवी तिथंच उमटायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण भूक लागली की कणभर खाऊन ती वाढतेच. एका उन्हाळ्यात एका टाकीच्या पोटात त्यांचं काम चाललं होतं. भिंतीवरचा अस्तराचा करडा रंग नुकताच वाळला होता. दोन पुरुष उंच, कोरी, एवढी थोरली भिंत. हेसूनचा जीव तिथं टांगला गेला. दोन दिवस ती त्या भिंतीकडं पाठ करून काम करत राहिली. तिसऱ्या दिवशी बाकीच्या जेवायला गेल्या आणि ती मागं राहिली. परांचीवर चढून तिनं काठीला बांधलेल्या ब्रशनं अकराही जणी भिंतीवर काढल्या: सरपटणाऱ्या, उकिडव्या, एकमेकींच्या खांद्यावर पाय देऊन वर चढणाऱ्या. बायका परत आल्या आणि दिव्यांचे अकरा झोत भिंतीवर एकत्र पडले. कुणी काही बोललं नाही.

बोलला तो तपासनीस. तो जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला होता. रंगाचा थर ठरलेल्या जाडीपेक्षा केसभरही जास्त झाला, तर पुढं तो सुटतो आणि लोखंड सडतं. त्यानं मुकादम मिनला बोलावलं. मुकादमानं भिंत बघितली, बायका बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"हे काय मंदिर आहे का? घासा! सगळं घासून काढा! आणि त्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

अकरा जणी संध्याकाळभर खरवडत राहिल्या. कुणी हेसूनकडं बघेना. मालजा ताईच्या वाट्याला नेमकी ती स्वतःच आली होती. पॉलिश कागद फिरवता फिरवता मुखवट्याआडून तिचा आवाज आला:

"स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं घासायला लावलंस. माझ्या सासूनंसुद्धा एवढं केलं नव्हतं गं."

हेसूनला लेखी ताकीद मिळाली. पण तिला लागलं ते वेगळंच. भिंत पुन्हा कोरी झाली तेव्हा तिला लाज वाटायला हवी होती. तसं न होता तिला वाटलं, की आता हे पुन्हा, आणखी नीट काढायचं. त्या विचारानं ती मनातून घाबरली.

हे कुठंतरी जिरवायला हवं म्हणून तिनं वस्तीच्या केंद्रातल्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. दर गुरुवारी संध्याकाळी, साडेसहा वाजता. शिकवायला नाम सर होते, हायस्कुलातून निवृत्त झालेले, बारीक, खोकणारे. टेबलावर फुलदाणी, सफरचंदं आणि एक टॉवेल. सहा महिने हेसूननं फुलदाणी, सफरचंदं आणि टॉवेल काढला. बाकीच्या बायका, कुणी बँकेतली, कुणी दवाखान्यातली, टापटिपीचे कपडे घालून यायच्या. हेसूनच्या नखांत विटकरी रंग असायचा आणि ती हात टेबलाखाली ठेवायची.

एक दिवस सर तिच्या मागं उभे राहिले. "तुमची सफरचंदं मेलेली आहेत," ते म्हणाले. "पण हात मेलेला नाही. घरी काय काढता?"

"घरी काही नाही, सर. कामावर… नुसता हाताला चाळा."

"तो चाळा घेऊन या."

पुढच्या गुरुवारी ती पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन गेली. सरांनी ते जमिनीवर पसरले आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा घातला. वर्ग सुटला, सगळे गेले, तरी ते बघतच होते.

"इथं पुन्हा येऊ नका," ते शेवटी म्हणाले.

हेसूनचा चेहरा पडला. "काही चुकलं का, सर?"

"इथं माझ्यापाशी फुलदाणीशिवाय काही नाही. तुमचं वाटोळं होईल. ऐका बाई. मी चाळीस वर्षं पेन्शनीची वाट बघितली. म्हटलं, एकदा ती आली की मी चित्रकार होईन. पेन्शन आली, चित्र काही आलं नाही. तुम्ही वाट बघू नका."

"आणि पोटाचं काय?"

"पोटाचं मी काय सांगणार?" सर पुठ्ठे गोळा करत म्हणाले. "मी मास्तर."

घरी येऊन तिनं हे थेशिकला सांगितलं. तो सूप ओरपत होता. "पेन्शन खाणाऱ्या माणसाला सगळं सुचतं," तो म्हणाला. "सोदामच्या आई, तू काढ की चित्रं. मी कधी नाही म्हटलं? रविवारी काढ."

रविवार तिनं करून बघितले. शनिवारी रात्रीपर्यंत खांदे भरून आलेले असायचे. रविवारी सकाळी कपडे, बाजार, सोदामची शिकवणी. दुपारी कागदासमोर बसावं, तर पहिला तास हात सैल व्हायला, दुसरा डोळा स्थिर व्हायला, आणि तिसऱ्या तासाला, जेव्हा काहीतरी दिसू लागायचं, तेव्हा भाताची वेळ व्हायची. सोमवारी भोकातून आत सरपटताना तिला वाटायचं, आपण कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तोडून आलोय. ती चिडचिडी झाली. घरात उगाच भांडी आपटायची. सोदाम एकदा म्हणाली, "आई, तू बसलेली असतेस तेव्हासुद्धा पळत असल्यासारखी दिसतेस."

सात वर्षं अशीच गेली. मग दोन हजार सोळा साल आलं आणि गोदीतली कामं आटली. जगात कुणी जहाजं मागवेना. आज या ठेकेदारानं कुलूप लावलं, उद्या त्या. मे महिन्यात एका सकाळी मुकादम मिननं बायकांना कपाटांच्या खोलीत जमवलं. तो म्हणाला, काम शुक्रवारपर्यंतच. ठेकेदारानं हात वर केलेत.

एक जण मटकन खाली बसली. कुणाच्या मुलाची फी होती, कुणाचा नवरा आठवड्यापूर्वीच घरी बसला होता. मालजा ताई, अठ्ठावन्न वर्षांची, भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "या वयात मला कोण घेणार? कोण घेणार?" हेसूनचेही डोळे वाहत होते. पण छातीत, कुठंतरी खोल, एक दार धाडकन उघडलं होतं. सोमवार. मंगळवार. बुधवार. सगळे मोकळे. तिला ते थोपवता आलं नाही. तोंड तिनं वळवलं, पण मालजा ताईची नजर चुकली नाही.

बाहेर बसथांब्यावर ताईनं तिला गाठलं.

"तू हसलीस."

"नाही, ताई."

"मी तुझं तोंड रोज बघते. तू माझं काढतेस, तशी मीही तुझं बघते. आमच्या चुली विझल्या आणि तुझी पहाट झाली होय गं?"

हेसूनला खोटं बोलावंसं वाटलं नाही आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. बस आली. ताई चढली, हेसून खालीच राहिली आणि घरापर्यंत चालत गेली.

थेशिकलाही महिन्याभरात नारळ मिळाला. तो फ्योंगथेकला गेला. तिथं संगणकाच्या चिपचे मोठमोठे कारखाने उभे राहत होते आणि वेल्डरला मागणी होती. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. सोदाम कॉलेजसाठी थेगूला गेली. घरात हेसून एकटी. मागच्या खोलीतली लोणच्यांची भांडी तिनं गॅलरीत हलवली, खिडकी पुसली, आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा कॅनव्हास विकत आणला, तोही चांगला उंच. आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

काही येईना.

पहिल्या दिवशी वाटलं, सवय नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, रंग वेगळे आहेत. ती काढायची, पुसायची. बायका काढल्या, तर त्या मासिकातल्या जाहिरातीसारख्या उभ्या राहायच्या. समुद्र काढला, तर तो दुकानातल्या दिनदर्शिकेवरचा समुद्र. ज्या वेळेसाठी सात वर्षं जीव टाकला, ती वेळ आता अंगावर येत होती. ती समुद्राच्या बांधावरून टोकापर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा जायची. मग तिनं घराच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवल्या. दारं रंगवली. जिन्याचा कठडा. शेजाऱ्यांचं फाटक. थेशिक सुटीला आला, तो दारातच थबकला.

"चित्रं कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"होतील."

"घरातला एकही कोपरा सोडलेला नाहीस तू." त्यानं कठड्याला बोट लावून बघितलं. "काम मात्र चोख हं."

ती हसली आणि मग एकाएकी रडायला लागली. थेशिक गांगरला. त्याला वेल्डिंगचं कळत होतं, हे कळत नव्हतं. तो बाजूला बसून राहिला आणि थोड्या वेळानं तिच्यासाठी रताळी उकडून घेऊन आला.

त्याच सुमारास बंदरावरच्या एका कॅफेच्या मालकिणीनं कुणाकडून तरी ऐकलं, की ही बाई चित्रं काढते. जवळच्या बेटावर कॅमेलिया फुलतात, तेव्हा बोटी भरभरून पर्यटक येतात. त्यांना घरी न्यायला छोटी फुलांची चित्रं हवी होती. हेसूननं काढून दिली. खपली. मालकीण म्हणाली, "ताई, छान आहेत, पण थोडं आणखी लाल घाला ना." पुढच्या खेपेला, "पानांवर दवाचे थेंब घाला, लोकांना आवडतात." हेसूननं आणखी लाल घातलं आणि दवही घातलं. लोक तिला चित्रकारीण म्हणू लागले. नाव झालं होतं आणि आतून ती रोज थोडी थोडी कुजत होती. एका दिवशी तिनं अकरा कॅमेलिया काढले, सगळे सारखे, आणि ब्रश धुताना तिच्या लक्षात आलं, की एकदाही आपण वर बघितलेलं नाही.

फुलांचा हंगाम संपला, तशी विक्रीही संपली. फ्योंगथेकची कमाई खोलीभाडं आणि कॉलेज यांतच जात होती. थंडी पडली आणि हेसून कालवं सोलायला गेली.

खाडीच्या काठी शेड होती. आत लांबच लांब टेबलं, त्यांवर कालवांचे डोंगर, आणि दोन्ही बाजूंनी साठेक बायका, रबरी हातमोजे, रबरी बूट, डोक्याला फडकी, हातात आखूड सुरी. पहाटेपासून उभं राहायचं. शिंपल्याच्या फटीत सुरी घालायची, पिळायची, मांस बादलीत टाकायचं, शिंपला खाली. वाफा, मीठ, रेडिओवरची जुनी गाणी. हेसूनला जिथं जागा मिळाली, तिथं समोरच मालजा ताई उभी होती.

ताईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पहिला आठवडा शब्द नाही. दुसराही तसाच. हेसूनचा हात हळू चालत होता. बादली भरता भरत नव्हती. ताईच्या दोन बादल्या व्हायच्या, तेव्हा हिची अर्धी. तिसऱ्या आठवड्यात ताईला ते बघवेना.

"चित्रकारीण बाई," ती टेबलापलीकडून ओरडली, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. "ते कालव आहे, फूल नाही. गोंजारू नकोस. सुरी घुसव आणि पीळ. नवऱ्याचा कान पिळल्यासारखा!"

हशा पिकला. हेसूननं पिळलं. शिंपला उघडला.

दुपारी दोघी शेडच्या भिंतीला टेकून, वाटीत गरम सूप घेऊन बसल्या. ताई खाडीकडं बघत म्हणाली, "फुलं काढतेस म्हणे हल्ली."

"हो."

"कशाला?"

"खपतात."

ताईनं सुपाचा एक मोठा घोट घेतला. "आम्ही खपत नव्हतो होय?"

एवढंच. पुढं ती आपल्या गुडघ्यांविषयी बोलत राहिली. हेसूनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती शेडच्या दारातून आत बघत होती. वरच्या नळीदिव्यांचा पांढरा उजेड ओल्या रबरावर पडत होता. साठ पाठी एका लयीत वाकत होत्या आणि त्यांच्या पायाशी शिंपल्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत चढला होता. हातमोज्यातलं बोट मांडीवर फिरू लागलं. कितीतरी महिन्यांनी.

"ताई, त्या दिवशी बसथांब्यावर," ती म्हणाली. "मी हसले होते."

"माहीत आहे."

"मला लाज वाटते."

"वाटू दे," मालजा ताई उठता उठता म्हणाली. "हात दे. गुडघा वाजतोय."

दुसऱ्या दिवसापासून हेसूनच्या खिशात वही आली. दहा मिनिटांच्या सुटीत ती काढायची. सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. एक जण फटकन म्हणाली, "माझं तोंड काढायचं नाही. मुलाचं लग्न ठरतंय, त्या लोकांना सांगितलंय की मी दुकानात असते." हेसूननं तिची नुसती पाठ काढली. ती बाई आपली पाठ बघून म्हणाली, "एवढी वाकलेय मी?"

मार्चअखेर हंगाम संपेपर्यंत चार वह्या भरल्या. मग हेसून मागच्या खोलीत गेली आणि या वेळी कॅनव्हासनं तिला घाबरवलं नाही. कॅफेच्या मालकिणीला तिनं सांगितलं, की फुलं आता जमणार नाहीत. महागडे रंग तिनं बाजूला ठेवले. विटकरी, करडा आणि कालवाच्या पोटासारखा मोतिया, एवढ्यावरच काढू लागली. हिवाळ्यात कालवं, बाकीचं वर्ष चित्रं, असे तीन हिवाळे गेले. नाम सर एकदा काठी टेकत जिना चढून आले. भिंतीला टेकवलेली चित्रं त्यांनी एकेक करून बघितली.

"माझ्या वर्गात शिकवलेलं यात काहीही नाही," ते म्हणाले. "बरं झालं."

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बुसानला चित्रांची गॅलरी चालवत होती, यनजू नावाची. सरांच्या सांगण्यावरून ती आली. तिनं सात चित्रं निवडली आणि शरदात प्रदर्शन ठेवलं. उद्घाटनाला शेडमधल्या एकवीस बायका छोटी बस करून पुलावरून बुसानला गेल्या, लग्नात घालायचे कपडे घालून. सोबत किमचीचं लोणचं आणि भाताचे गुंडाळे घेतले होते, आणि ते त्यांनी गॅलरीच्या बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ले. आत त्या आधी कुजबुजत फिरल्या, मग एकमेकींना हाका मारू लागल्या: "अगं ये, तुझी बादली बघ! हे माझंच फडकं!" मुलाच्या लग्नाची काळजी असलेली बाई आपल्या पाठीसमोर उभी राहिली आणि तिनं आपल्या नव्या सुनेला हळूच सांगितलं, "ती मी."

मालजा ताईचं चित्र सगळ्यांत मोठं होतं. सुरी हातात, नजर सरळ बघणाऱ्यावर. कुणा डॉक्टरनं ते विकत घेतलं. ताईला कळलं, तशी ती यनजूपाशी गेली.

"तो मला घरी नेऊन कुठं टांगणार? संडासात नाही ना?"

"नाही हो, मावशी. दिवाणखान्यात."

"मग ठीक. जेवायच्या टेबलासमोर मात्र नको म्हणावं. मला भूक लागेल."

वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्यात लिहिलं होतं, 'कालवं सोलणारी चित्रकार.' हेसूनला ते टोचलं. त्यात खोटं काही नव्हतं, तरी टोचलं. हिवाळा आला, की तिला जावंच लागे. आणि हिवाळ्यात, नेमकं चित्र हाताला लागलेलं असताना ती ते सोडून शेडमध्ये उभी राही. सुरी हातात असली की ब्रश आठवायचा, ब्रश हातात असला की वाटायचं, बायका उभ्या आहेत आणि आपण बसलोय. दोन्हीकडं ती अर्धीच होती.

मग वारं फिरलं. दोन हजार बावीस साली गोदीत जहाजांच्या मागण्यांचा पूर आला आणि रंगवायला हातच मिळेनात. एका सकाळी मुकादम मिनचा फोन आला. आवाजात मध होता.

"हेसून, ये परत. नवीन पोरं कोपऱ्यात रंग ओततात नुसता. बायकांच्या टोळीची मुकादम तू. पगारही पहिल्यापेक्षा चांगला."

थेशिकही फ्योंगथेकहून परतला होता आणि गोदीत पुन्हा लागला होता. तो खुशीत म्हणाला, "बघ, सगळं पूर्वीसारखं होतंय." हेसूननं विचार करते म्हणून सांगितलं. तीन दिवस ती घरात ठरेना. भात करपला. बांधावरून फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या वेळी तिला काही ठरवावंच लागलं नव्हतं. गोदीनं काढलं आणि ती बाहेर पडली. नंतर कालवांनी नेलं, सरांनी ढकललं. या खेपेला मागं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी ती मालजा ताईकडं गेली. ताई अंगणात मुळे धूत होती. चौसष्ट वर्षांच्या मालजा ताईला गोदीनं घेतलं होतं. इतकी माणसांची चणचण होती.

"तुम्ही जाताय, ताई?"

"जातेय. घरात बसून सुनेचं तोंड बघण्यापेक्षा टाकी बरी."

"मलाही बोलावलंय. मुकादम म्हणून."

ताईचे हात थांबले. "तू नको येऊस."

"का?"

"का म्हणजे? येशील, दुपारी पुठ्ठे घेऊन बसशील, एखाद्या दिवशी पुन्हा भिंत रंगवशील, आणि घासायला आम्ही! माझे खांदे आता तेवढे राहिले नाहीत." तिनं एक मुळा खसाखसा घासला. मग जरा वेळानं, वर न बघता, "आम्ही सगळ्या जाणारच. कुणीतरी एक बाहेर नको का, बघायला?"

हेसूननं तिथंच फोन काढला आणि मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. तो आधी समजुतीनं बोलला, मग रागावला, मग म्हणाला, की ही संधी पुन्हा नाही. फोन ठेवल्यावर ताईनं हेसूनच्या हातात चार मुळे कोंबले आणि घरी धाडलं.

संध्याकाळी तिनं थेशिकला सांगितलं. या हिवाळ्यात कालवांनाही जाणार नाही, हेही सांगितलं. तो ताटातला मुळा चावत राहिला.

"मागं गोदीनं तुला काढलं," तो शेवटी म्हणाला. "आता तू गोदीला काढलंस."

"हो."

"लोक विचारतील, बायको काय करते. काय सांगू?"

"सांगा, चित्रं काढते."

"आणि?"

"आणि काही नाही."

थेशिकनं मान हलवली. पटलं असं नाही, पण ऐकलं होतं. "मग तो मागच्या खोलीतला दिवा बदलायला हवा," तो म्हणाला. "त्या उजेडात वेल्डिंगसुद्धा करणार नाही मी."

आता जांगसुंगफोच्या बंदराजवळ जाळी विणायची एक जुनी शेड हेसूननं भाड्यानं घेतली आहे. यनजू वर्षाला काही चित्रं नेते. एखादा महिना बरा जातो, एखादा कोरडा. कोरड्या महिन्यात थेशिक काही विचारत नाही आणि हेसूनला त्याच्या न विचारण्याचाही ताण येतो. स्वस्थता काही आली नाही. उलट, पूर्वी दोष द्यायला गोदी होती, वेळ नव्हता. आता चित्र बिघडलं तर ते तिचं तिनंच बिघडवलेलं असतं.

गेलं वर्षभर ती एकाच कॅनव्हासशी झगडते आहे. सकाळी पावणेसात वाजता गोदीच्या फाटकातून कामगारांची पाळी आत जाते, ते चित्र. हजारो माणसं, एकाच रंगाचे कपडे, स्कूटर, सायकली, नेपाळ-व्हिएतनामहून आलेली नवी पोरं, आणि मध्ये रंगवाल्या बायका. चार वेळा तिनं ते खरवडलं. गर्दी जमते, माणसं जमत नाहीत. माणसं जमली, की गर्दी विरते. म्हणून ती रोज पहाटे उठते, बस पकडते आणि फाटकासमोरच्या फुटपाथवर वही घेऊन उभी राहते. पहारेकऱ्यानं सुरुवातीला हटकलं, आता तो तिला दुरून मान हलवतो.

"हेसून, उशीर झाला तुला!" गर्दीतून मालजा ताई ओरडते. "भोंगा झाला! आत ये, नाहीतर पगार कापतील!"

बायका हसतात. हेसून हसते, पण तिकडं बघत नाही. फाटकाच्या उजव्या अंगाला एक नवी मुलगी शिरस्त्राणाचा पट्टा बांधता बांधता चालते आहे, हनुवटी वर करून, आणि ती आत जाण्याआधी ती रेघ मिळायला हवी.